मिल्काबाईंचा लाइनबॅकर

"खेळ सोडून घरी बसू? तुला नवरा पाहिजे की नुसता पहारा करायला माणूस?" गर्शोन वरच्या खोलीत ओरडला.

"मला शुद्धीवर असलेला नवरा पाहिजे," मायकेला म्हणाली.

मिल्काबाई जिन्यात बसून ऐकत होत्या. त्या रविवारी त्यांचा लेक दुसऱ्यांदा मैदानात बेशुद्ध पडला होता. सुनेचं खरं होतं, पण बाईंचं मन लेकाकडे.

गर्शोन आठवडाभर विमानतळावर सामान उतरवायचा आणि रविवारी लंडनमधल्या हाउन्सलोच्या क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळायचा, तेही पदरची वर्गणी भरून. मुंबईहून आल्या आल्या मिल्काबाईंनी एवढंच विचारलं होतं, "शनिवारी नाही ना खेळत?" यहुद्यांचा विश्रांतीचा वार, शब्बाथ, मोडत नव्हता, म्हणजे सगळं ठीक. डोक्याचं विचारायचं सुचलंच नाही.

खेळायचा मात्र देखणा. पुढचे धिप्पाड गडी एकमेकांना भिडले की हा लाइनबॅकर त्यांच्यामागे गुडघे वाकवून उभा. "आई, नजर फसवते, खांदा फसवतो. मी कंबर बघतो. कंबर वळेल तिकडेच माणूस जातो." चेंडूवाला निघायच्या आत हा तिथे हजर. त्याला आडवा करायचा आणि हात देऊन उठवायचाही. काठावर दोन शाली गुंडाळून बसलेल्या बाई म्हणायच्या, "पाड रे बाळा, पण हळू."

खेळ सुटला आणि काही वर्षांत आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. बाईंनी एलियाहू हनाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला बसलेल्या माराने गेलेलं परत येत नाही. २००८च्या हिवाळ्यात बसमागे धावणाऱ्या एका माणसाला गर्शोनने भर रस्त्यात पाडलं आणि हात देऊन उठवलं. मग कौन्सिलने त्याच्यासाठी एका केअर होममध्ये जागा बघितली. सोमवारी न्यायचं ठरलं.

"राहू दे गं घरी. मी बघते त्याच्याकडे," बाई म्हणाल्या.

"आई, तुम्हाला काठीशिवाय जिना उतरवत नाही."

शुक्रवार आला. गर्शोनने बूट चढवले. अंधार पडला की शब्बाथ लागतो; त्याआधी भिजवून किद्दुशच्या प्रार्थनेसाठी सरबत करायच्या काळ्या मनुका दर शुक्रवारी तोच आणायचा. बाई काठी टेकत मागून गेल्या. तो सिग्नलला थांबला, बरोबर दुकानात शिरला, मोड मोजून घेतली आणि वाट न चुकता परतला.

"बघितलंस? सगळं जमलं," बाई दारातूनच म्हणाल्या.

मायकेला त्याची बॅग भरत होती. "आज जमलं, आई."

गर्शोनने पुडी ओट्यावर ठेवली, बूट काढून भिंतीशी लावले. "भिजत घाल, आई. अंधार पडेल."