बाबांचे कान

दवाखान्यात येणारे लोक तिला 'बोटवाली' म्हणत. कान तपासताना ती दिवसभर एकच वाक्य बोलायची, "आवाज आला की बोट वर करा." पेशंट काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचा, ही बाहेरून बटणं दाबायची. त्यापलीकडे तिला कुणी काही करू देत नसे. श्रवणयंत्र बसवायचं, लहान मुलांना ऐकायला शिकवायचं, तर पुढची पदवी हवी. आणि त्या पदवीसाठी विद्यापीठाला हवं होतं पर्सनल स्टेटमेंट. हाच विषय का घ्यावासा वाटतो, ते पानभर लिहा. गेल्या वर्षी तिथेच गाडं अडलं आणि नकार आला.

यंदाही सुट्टीच्या दिवशी सकाळपासून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. 'मला लहानपणापासून' एवढं लिहायची आणि पुसायची. लहानपणापासून तिला काडीचंही काही वाटत नव्हतं. कान तपासायच्या कोर्सला जागा रिकामी होती, म्हणून ती जाऊन बसली. काम आवडायला लागलं ते नंतर. पण माणसाला काम आवडतं एवढ्यावर या लोकांचं भागत नाही, आधी त्याच्यावर आभाळ कोसळलेलं लागतं. तिचं डोकं तापलं.

शेवटी तिने आतेभावाला फोन लावला. त्याला असाच अर्ज करून प्रवेश मिळाला होता, तेव्हापासून तो सल्ला द्यायला कायम तयार.

"घरात कुणी बहिरं नाही का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कर की कुणाला तरी. मामालाच कर. कोण बघायला येतंय?"

मामा म्हणजे तिचे बाबा. जन्म गॅरेजात गेलेला. रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरचं दुखणं घरात बसून ओळखायचे, आणि त्याचा तोरा काही कमी नव्हता. तिने मन घट्ट करून त्यांना बहिरं केलं. पान भराभर भरलं. तिला स्वतःचाच राग आला, पण पान भरलं होतं.

बाबा पाणी प्यायला आले आणि तिच्या खुर्चीमागे थांबले. तिने स्क्रीन मिटेपर्यंत त्यांचं वाचून झालं होतं.

"बाबा, ते नुसतं..."

"असू दे. फक्त कुठल्या कानाने ऐकू येत नाही ते सांगून ठेव. त्यांनी फोन केला तर माझा गोंधळ व्हायचा."

थट्टा करताहेत असं तिला वाटलं. पण जेवताना आईने हाक मारली तर ते ढिम्म. खालून एक मोटारसायकल खोकत गेली, तरी चकार शब्द नाही. आईने पुन्हा ओरडून विचारलं तेव्हा कानामागे हात धरून "काय?" म्हणाले, आणि जमलं का, अशा नजरेने त्यांनी लेकीकडे पाहिलं.

ती नजर तिच्या रोजच्या ओळखीची होती. काचेआड बसलेली काही माणसं आवाज न येताच बोट वर करतात. नापास होऊ नये म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून. मग ती बटण दाबायचं थांबते, तरी बोट वर येतंच. अशा वेळी ती आत जाते, हेडफोन सैल करते आणि म्हणते, "नाही आला तर नाही आला. मी आहे इथेच." या कामातलं तिला आवडायचं ते एवढंच. आणि आज तिने स्वतःच फुकाचं बोट वर केलं होतं.

ताट तसंच ठेवून ती उठली. बाबांना पानावरून पुसून टाकलं. बोट वर करणारी ती माणसं लिहिली, रिकाम्या जागेचं खरंही लिहिलं, आणि रागाच्या भरात अर्ज पाठवून दिला. नकार आला तर येऊ दे, असं ती मनाला बजावत होती, आणि मनाला ते अजिबात पटत नव्हतं.

"पाठवला," ती बाहेर येऊन म्हणाली. "तुम्ही नाही त्यात."

खाली तीच मोटारसायकल परत आली होती.

"मग आता मला ऐकू आलं तर चालेल ना?" बाबांनी विचारलं. "त्या गाडीचा प्लग गेलाय. मघापासून सांगायचं राहिलंय."