पूजेतला पाना

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा चहात साखर कमी आहे म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही दारव्ह्याचे नाही, मला ओळखतही नाही — म्हणून तुमच्यापुढे बोलवतंय, की आता आत ठेवणं झेपत नाही म्हणून? माहीत नाही. चार दसरे झाले.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं. मोटारसायकली आल्या, बॅटरीच्या गाड्या आल्या, मी मात्र सायकल सोडली नाही. लोक हसतात. पण डुगणाऱ्या चाकाचा झोल काढावा तर यानंच, असंही तेच लोक म्हणतात. ते मला आवडायचं — फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

वंदना म्हणजे सुखदेवकाकांची मुलगी. काका आमच्या शाळेत शिपाई होते. पुढे त्यांना लकवा मारला. एक पाय ओढत, काठी टेकत ते अंगणापर्यंत यायचे, हुक्की आली तर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. आई वारलेली, मोठा भाऊ नागपूरला नोकरीला. अंगणवाडीतली मदतनिशी सांभाळून बापाचं सगळं ही एकटी करायची. एक दिवस तिनं दुकानात येऊन मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशातली बाई, सायकल मागून हातभर लांब, आणि त्या लांब कॅरिअरवर दोन माणसं ऐसपैस बसलेली. बाबांना असं बसवून दवाखान्यात नेता येईल का, विहारात नेता येईल का, एवढंच तिनं विचारलं.

मी म्हणालो, त्यात काय!

दीड महिना लागला. जुन्या काळ्या सायकलीची चौकट, तिला मागं दुसऱ्या सायकलीचे पाइप वेल्डिंग करून जोडले. दोन चेनी तोडून एक केली. ती लांब चेन लोंबायची आणि खड्ड्यात उतरायची, म्हणून मध्ये एक छोटी चकती बसवली. मागच्या चाकाला जाड आरे घातले, एकेक आरा बोटानं वाजवून ताण सारखा केला. ब्रेकची तार एवढी लांब मिळेना, ती मोपेडची आणली. काकांसाठी गादी, पाय ठेवायला दोन्हीकडे फळ्या, धरायला मागं लोखंडी कठडा. सायकल उभी करायला दोन पायांची रुंद घोडी. येणारेजाणारे थांबून बघायचे. कोणी म्हणायचं, ही सायकल आहे का खाट? मी हसायचो, आणि आतून फुगायचो. बघा — अजूनही मी चेन आणि आरेच सांगत बसलोय.

तर खंडेनवमी. आमच्या घरची रीत अशी की नवमीला सगळी अवजारं धुऊन, पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून पूजा करायची. मग दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर ती राबतात, दीड दिवस त्यांना सुट्टी. वडिलांनी ही रीत कधी मोडली नाही, मीही नाही. त्या नवमीला सगळं काम उरकलं होतं. एकच राहिलं होतं — हँडलची उंची. ते वंदनाच्या मापानं लावायचं म्हणून वरचा बोल्ट मी ढिलाच ठेवला होता. म्हटलं, दसरा झाला की ती येईल, मग कसून देऊ.

ती दसऱ्याच्या सकाळीच आली.

मला कळायला नको होतं का? दसरा म्हणजे त्यांचा धम्मचक्र दिन. पांढरीशुभ्र साडी नेसून आली होती. "आजच न्या लागते काका," ती म्हणाली, "बाबा पहाटपासून पांढरा सदरा घालून बसले हायत." सुखदेवकाका तीन वर्षांत विहारात गेले नव्हते.

दुकानासमोर पाचसहा जण जमलेले. सायकलीला मी स्वतःच झेंडूचा हार घातलेला. अशा वेळी काय म्हणायला हवं होतं? — थांब पोरी, एक बोल्ट राहिलाय. चार शब्दांचं काम. किंवा पाटावरचा पाना उचलायचा, दोन वेढे मारायचे, पुन्हा ठेवून हात जोडायचे. देव काय मला खाणार होता? पण काम अर्धवट आहे हे त्या पाचसहा जणांपुढे म्हणवेना, आणि रीतही मोडवेना. मी हँडल तिच्या मापाला आणलं, बोल्ट बोटांनी जमेल तेवढा पिळला, वरून तळहातानं दोन थापा मारल्या.

आमच्या धंद्यात एक परीक्षा असते. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायचं आणि हँडल जोर लावून पिळायचं. चाक न वळता हँडल फिरलं तर बोल्ट ढिला. मी ती परीक्षा घेतली. हळूच घेतली. जोर लावला तर फिरेल हे मला ठाऊक होतं, म्हणून जोर लावला नाही. चूक वेगळी आणि हे वेगळं, नाही का?

अर्ध्या तासानं ती काकांना मागं बसवून दुकानावरून गेली. काकांनी मला हात केला. पुढं नाल्याकडे उतार आहे आणि पुलाच्या अलीकडे वळण. मी दारातून बघत होतो. वळणावर सायकल वळली नाही. सरळ जाऊन पुलाच्या कठड्यावर आदळली.

मी धावलो, आधी मीच पोचलो. काका कुशीवर पडले होते, कण्हत होते. वंदना त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. लोक त्यांना ऑटोत घालायला लागले आणि मी — मी सायकल उभी केली. चाक सरळ होतं, हँडल आडवं फिरलं होतं. कोणाचं लक्ष नव्हतं. चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि सायकल ढकलत दुकानात आणली. पाटावरचा पाना उचलला. त्याच्यावरचं हळदकुंकू माझ्या हाताला लागलं. बोल्ट कसला. पूर्ण कसला, मनगट दुखेपर्यंत. पाना पुसला, परत पाटावर ठेवला, त्यावर नवं कुंकू लावलं.

म्हणजे पूजा मोडलीच ना? सकाळी त्या म्हाताऱ्याच्या हाडांसाठी मोडवली नाही. तासाभरानं स्वतःच्या अब्रूसाठी मोडली.

मग दवाखान्यात गेलो. काकांचा खुबा मोडला होता, यवतमाळला न्यायची तयारी चालली होती. वंदनानं मला बघितलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं: "मी वळवलं होतं काका. हँडल वळलं, सायकल नाही वळली."

बरोबर हेच झालं होतं. तिला सगळं कळलं होतं, फक्त कळलंय हे माहीत नव्हतं. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी पाप निम्मं झालं असतं. पण मी मिस्त्री! मी म्हणालो, "लांब सायकल हाय पोरी. तिले आधीपासून वळवा लागते. तू उशीर केला असशीन."

तिनं होकारार्थी मान हलवली. माझ्या शब्दावर तिनं स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडून दिला, तो असा, माझ्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ नागपूरहून आला, तडक दुकानात. त्यानं पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, हँडल पिळलं, दात खाऊन पिळलं. हललं नाही. तो तसाच निघून गेला. घरी जाऊन तिला काय बोलला ते शेजारपाजारच्यांनी ऐकलं, आणि मग मीही ऐकलं. बापाला तूच पाडलंस. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं नाही. काका पुढं अंगणापर्यंतही आले नाहीत. मी भेटायला जायचो, फळं न्यायचो. ते म्हणायचे, "पोरीले कोनी काही बोलू नका रे, ते घाबरली असन." खाटेवरच होते, दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. मी खांदा दिला.

सायकल मी त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली होती; तिनं ती महिनाभरातच परत आणून दिली, ढकलत. ज्याला चालवता येते त्याला द्या, म्हणाली. पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या एका माणसाला मी ती दिली. चार-चार भरलेले कॅन लादून तो दिवसभर गावात फिरतो. चार वर्षांत एकदाही पडला नाही. चांगलीच बनवली होती मी ती.

वंदना आता सायकल चालवत नाही. अंगणवाडीला पायी जाते. मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलीची पंक्चर झालेली सायकल ढकलत दुकानात आली. मी ट्यूब काढून पाण्यात धरली, बुडबुडे बघत होतो. तेवढ्यात ती लांब सायकल कॅन लादून उतारावरून गेली. दोघांनीही बघितलं. पुलाच्या अलीकडे त्या माणसानं हँडल जरासं कलतं केलं आणि सायकल अलगद वळून पुलावर गेली.

"पाहा न काका," वंदना म्हणाली, "दुसऱ्याच्या हातात कशी वळते."

मी ट्यूबकडे बघत "हो" म्हणालो.

मग हवा भरून दिली. वंदना सायकल हातात धरून, तिच्या बाजूनं चालत घरी गेली.