धावजीनं दिलेली ढील

दिग्रसला जिनिंगच्या रस्त्यावर नेमसिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिनपत्रे आणि खाली जुन्या मोटरसायकली. नव्या गाडीवाले तिकडे फिरकत नसत. दोन हजार सहाचं साल. कापसाचा भाव असा बसला होता की उठायचं नाव घेत नव्हता. त्या वर्षी नेमसिंगच्या बापानं, धावजीनं, बैलजोडी विकली. बैलगाडीचं चाक अख्ख्या तांड्यात धावजीइतकं कोणाला कळत नसे. आता गाडी लिंबाखाली उभी होती आणि म्हातारा दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघायचा. नेमसिंगला ते बघवेना. चाकाच्या कामाला तूच पाह्यजे, असं सांगून त्यानं बापाला गॅरेजात आणलं. म्हाताऱ्याला वाटावं की आपल्यावाचून अडतं, एवढीच त्याची धडपड. खरं तर म्हातारा मदत कमी आणि खोळंबा जास्त करायचा, पण नेमसिंग त्याला कधी बोलला नाही.

एक दिवस कचेरीतले कमलाकर साहेब आले. त्यांच्या पंधरा वर्षं जुन्या मोटरसायकलचं मागचं चाक घुरघुरत होतं. नेमसिंगनं चाक उतरवून झिजलेली दोन्ही बेअरिंगं ठोकून काढली, हबवर उकळतं पाणी ओतलं आणि नवी बेअरिंगं अलगद बसवली. हातोड्याचा मार बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे, आतल्या कड्यावर पडला की नवं बेअरिंगही बाद, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. नट आवळला, पिन घातली, चाक फिरवलं. हूं नाही की चूं नाही. खुशीत तो चहाला गेला. परत येईपर्यंत साहेब गाडी घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलाकर गाडी ढकलत आले. मागे त्यांची मुलगी मिताली, दप्तर पोटाशी धरून. वळणावर चाक डुगडुगलं होतं आणि ट्रक हातभर अंतरावरून गेला होता. साहेब कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी विचारलं, "नेमसिंग, बेअरिंग बदललंस की नाही?"

नेमसिंग खाली बसला. नट चांगला एक फेरा सैल होता. पिन मात्र घट्ट. तिची टोकं आत वळवून वर तेलात भिजवलेला दोरा गुंडाळलेला. बैलगाडीच्या आसाला चाक अडवणाऱ्या खिळीला असा दोरा बांधणारा माणूस त्याच्या माहितीत एकच होता. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. पोर मेली असती! त्यानं वळून पाहिलं. टायरवर बसलेला धावजी कौतुकानं त्याच चाकाकडे बघत होता.

"साहेब, चूक माही आहे," नेमसिंग म्हणाला. "माह्याच हातून नट ढिला राह्यला. हे पिन होती म्हून गळला नाही."

धावजीच्या चेहऱ्यावरचं कौतुक गेलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि साहेबांसमोर येऊन उभा राहिला.

"पोरानं आवळला होता. म्या ढिला केला. चाक काहीच बोलत नव्हतं, साहेब, जाम वाटलं. जाम चाक बैलाच्या मानीवर येते, म्हून ढील देल्ली." मग मुलाकडे न बघता म्हणाला, "बैल नाही, हे इसरूनच गेलतो."

कोणी हसलं नाही. कमलाकरांनी वाकून त्या दोऱ्याला बोट लावून पाहिलं. मितालीनं दप्तर खाली ठेवलं.

नेमसिंगनं पिन काढली, नट आवळला आणि बापाचा हात चाकावर ठेवून चाक फिरवून दाखवलं. नवी पिन घालायला लागला, तर साहेबांनी त्याला थांबवलं.

"पिन बाबांना घालू दे," ते म्हणाले. "दोऱ्यासकट."

धावजी दोरा शोधायला खिसे चाचपू लागला. नेमसिंग पाठ फिरवून पाना शोधायला गेला. पाना त्याच्या हातातच होता.