काचेवरचा तेलाचा हात

विसरलात ना? मला लिहिता येत नाही, मी बोलते आणि नात सई मोबाईलवर उतरवते... तुमच्या डोक्याला आमच्या टाकीपेक्षा जास्त गळती आहे.

तर परवा सकाळची गोष्ट, तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवरची. सईने कॉलेजातून पाणी तपासायचं मशीन आणलं होतं. काचेच्या छोट्या बाटलीत पाणी भरून आत ठेवायचं... मशीन त्यातून उजेड सोडतं आणि पाणी किती गढूळ ते आकड्यात सांगतं.

मला हसू आलं. विहिरीत सोडलेली कळशी किती खोलवर दिसते, त्यावरून मी जन्मभर पाणी ओळखत आले. पणतूची मालिश अर्धी टाकून मीच ती बाटली भरून दिली.

आकडा आला आणि सईचा चेहरा उतरला. "आजे, हे पानी कुनी पिऊ नका."

पणतू पाच महिन्यांचा. सहा महिने पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मी मात्र, उन्हाने लेकराचा घसा सुकतो म्हणून, चार दिवस गुपचूप दोन-दोन चमचे पाजत होते. ह्याच विहिरीचं. आदल्या दिवसापासून त्याला जुलाब होत होते.

त्याच्या पोटावर हात ठेवून मी श्वास बघत बसले... वर, खाली, वर. शेवटी नातसुनेला, दीपालीला, सांगून टाकलं. "मीच पाजलंय गं पानी. लई चुकलं."

ती दवाखान्यात न्यायला त्याला टोपडं बांधू लागली.

तेवढ्यात सईने बाटली उन्हात धरली. "आजे, ही बघ तुझी बोटं! तेलाची!" बाटली पुसून परत ठेवली, तर आकडा झपकन खाली.

जीव भांड्यात पडला... अर्धाच. "नितळ म्हंजी चांगलंच असं न्हाई," सई म्हणाली. "जंतू ह्यात दिसत न्हाईत. लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर उकळूनच प्यायचं."

बाळ आता बरं आहे. डॉक्टरांची बोलणी मी गुमान ऐकून घेतली. काच पुसता येते, दिलेली कबुली कशी पुसणार? दीपालीने घरातले चमचे वरच्या फळीवर ठेवलेत, माझा हात पोचत नाही तिथे.

पण खरं सांगू? हात तेलाचा नसता, तर आकडा बघून मी गालातल्या गालात हसले असते... आणि संध्याकाळी पुन्हा चमचा भरला असता.

असो. इकडे कुणी येणार असेल तर हुलग्याचं पीठ पाठवा, शेंगोळी करीन. उकळलेलं पाणी घरात भरपूर आहे... आणि आता तरी विसरू नका.