निळा अंगठा

कापूरहोळच्या वजनकाट्यावर मानसिंगची एकवीस वर्षं गेली. भंगाराची भरली गाडी काट्यावर येते तेव्हा क्लीनर केबिनमध्ये आडवा पडलेला असतो आणि गाडी रिकामी होऊन परत आली की तोच क्लीनर चहा प्यायला उतरलेला असतो, म्हणजे त्याचं वजनही भंगाराच्या भावात विकलं जातं, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हापासून माणूस दिसला की त्याच्या मागं काय दडलंय ते आधी बघायची खोडच लागली त्याला. बायको मंगल म्हणायची, "ह्यास्नी देवाचा परसाद दिला तरी आदी वास घेत्यात."

अशा माणसावर आईला परक्याच्या हाती सोपवायची वेळ आली.

आई रतनबाई डोंगरातल्या पासली गावच्या. उभा जन्म भाताच्या खाचरात वाकून गेलेला. वडील रखमाजी आबा एका सकाळी झोपेतून उठलेच नाहीत, त्यानंतर मानसिंगनं आईला खाली कापूरहोळला आणलं. वर्षभरात तिला विसर पडायला लागला. आधी चालू गॅसचा, मग नावांचा, मग वाटांचा. दोनदा ती हायवेच्या दुभाजकावर बसलेली सापडली. पण खरा घोर लागला तो तिनं जेवण टाकल्यावर. मंगल ताट वाढायची. म्हातारी अंगठा पदराला पुसायची, ताटाच्या काठावर दाबून धरायची, थोडी थांबायची आणि ताट मागं सारायची.

"उठला न्हाई," एवढंच म्हणायची.

सगळे धरूनच चालले की ती आबांची वाट बघतेय. भोरच्या डॉक्टरांनाही तसंच सांगितलं, त्यांनीही मान हलवली. मंगलला मात्र त्या अंगठ्याचा राग यायचा. ताट नीट घासलंय का ते सासू बोटानं तपासते, असं तिला वाटायचं. आणि भावकीत तर निराळीच कुजबुज सुरू झाली होती, सून म्हातारीला उपाशी ठेवतीय म्हणून.

गालाची हाडं वर आली तेव्हा धाकट्या भावानं, इंद्रजितनं, पुण्याहून मोबाईलवर पत्ते पाठवायला सुरुवात केली. विसर पडलेल्या माणसांना सांभाळणारी घरं. मानसिंग एकेक बघून आला. एका ठिकाणी आत पाऊल टाकायच्या आधीच दोन लाख अनामत मागितली. दुसरीकडं फिनेलचा वास इतका होता, की त्याखाली काय झाकलंय याचाच विचार करत तो बाहेर पडला. तिसरं पानशेतच्या अलीकडं होतं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या, त्यात आता म्हातारी माणसं. महिना चोवीस हजार. दोघा भावांनी निम्मे निम्मे भरायचे ठरले. इंद्रजित म्हणाला, असं किती दिवस पुरणार, आईच्या नावची वरची चार खाचरं काढून टाकू, गिऱ्हाईक तयार आहे.  त्या दिवसापासून मानसिंग भावाकडंही काट्यावर आलेल्या गाडीसारखा बघायला लागला.

आईला तिथं ठेवलं, पण तिथला एक नियम त्याला पहिल्या दिवसापासून सलत होता. जेवणाच्या वेळी नातेवाइकांनी यायचं नाही. पेशंट बिथरतात, असं तिथल्या सुलक्षणा मॅडम सांगायच्या. जेवताना बिथरायचं काय कारण, हे त्याच्या डोक्यात बसेना. दोन महिन्यांनी आईचं वजन चार किलोनं वाढलेलं निघालं. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. मानसिंगला घाम फुटला. सहा महिने चहा-बिस्किटावर काढून घरचा भात न शिवलेली बाई हितं कशी खाते? गोळ्या घालत असतील. त्यानं औषधांच्या कागदाचा फोटो काढला आणि भोरच्या मेडिकलवाल्याला दाखवला. त्यानं सांगितलं, एक बीपीची, एक आठवणीची, बाकी काही नाही. मानसिंगचं समाधान झालं नाही. कागदावर न्हाई म्हंजी पोटात न्हाई असं थोडंच हाय, म्हणाला.

पाचव्या महिन्यात त्याला तो अंगठा दिसला. पेरापर्यंत निळा, नखाच्या कडेला शाई मुरलेली.

"आय, कुणी घेतला तुजा अंगठा?"

रतनबाईंनी हात पदराखाली ओढला. "घेत्यात की," त्या म्हणाल्या. "रोज घेत्यात."

मानसिंग सरळ फाटकावरच्या वहीपाशी गेला. मागच्याच्या मागच्या रविवारी इंद्रजित येऊन गेल्याची नोंद होती. अकरा ते सव्वाबारा. एवढ्या वेळात कुलमुखत्यारपत्र होतं, बक्षीसपत्र होतं, काय वाटेल ते होतं. परत जाताना अख्खा पाबे घाट तो भावाला मनातल्या मनात शिव्या घालत उतरला. फोन मात्र केला नाही. चोराला आधी हटकलं की तो गाडी वळवतो, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी जीप भाड्यानं ठरवून तो न सांगता आला, ऐन जेवणाच्या वेळी. आईला उचलायचं आणि घरी न्यायचं, मग पैसे बुडाले तरी चालतील, असं ठरवूनच. मागच्या दारानं स्वयंपाकघरातून आत शिरला. टेबलाशी आई बसली होती. शेजारी गुलफशा, जवळच्या वस्तीवरची, तिथं म्हाताऱ्यांची सेवा करणारी मुलगी. तिनं शाईचं पॅड उघडलं, एक वही पुढं सरकवली आणि आईचा अंगठा धरून कोऱ्या पानावर दाबला.

मानसिंगनं वही हिसकावली. पानामागून पान अंगठेच अंगठे.

"कोऱ्या कागदावर अंगठं घेतीस माज्या आयचं? इंद्रजितनं किती दिलं तुला?"

"कोण इंद्रजित?" गुलफशाचा चेहरा उतरला होता, पण पॅड तिनं सोडलं नाही. "मामा, पोलीस बोलवा, काय बी करा. पर आदी त्यास्नी जेवू द्या. भात निवतोय."

रतनबाई भांडणाकडं बघतच नव्हत्या. अंगठा तसाच वर धरून त्या गुलफशाच्या तोंडाकडं बघत होत्या.

"उठला, आजी," गुलफशा म्हणाली. "उठला."

म्हातारीनं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागली.

मानसिंग वही धरून तसाच उभा राहिला. मग गुलफशानं सांगितलं ते असं. पहिले दहा दिवस आजींनी अन्नाला हात लावला नव्हता. ताटाच्या काठावर अंगठा दाबायच्या आणि वाट बघायच्या. ते बघून तिला तिची नानी गुलजारबी आठवली. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा द्यावा लागतो, आणि राबून राबून रेषा झिजल्या की मशीन अंगठा ओळखत नाही. उठला तर धान्य, नाही उठला तर पिशवी रिकामीच घेऊन माघारी. नानी घरातून निघतानाच पदराला अंगठा पुसत निघायची. म्हणून एक दिवस मॅडमचं शिक्क्याचं पॅड आणून गुलफशानं आजींचा अंगठा घेतला आणि उठला म्हणून सांगितलं. त्या दिवशी आजींनी भात दोनदा मागून घेतला. नातेवाइकांना या वेळी येऊ देत नाहीत, ते तिच्या पथ्यावरच पडलं. भेटीच्या दिवशी ती अंगठा घासून धुवायची, त्या एकदा तेवढं राहून गेलं.

"कुणी बघितलं तर तुमी म्हनला तेच म्हननार की, मामा."

मानसिंगला पासलीचं दुकान आठवलं. भाताची रोपं लावून, आवणी करून करून आईची बोटं गुळगुळीत झालेली, महिन्यातून तीन-तीन हेलपाटे. आणि दुसरीच गोष्ट जास्त लागली. आईनं आबांना उभ्या जन्मात कधी एकेरी हाक मारली नव्हती. ते आले, ते जेवले, ते उठले. आबा गेले त्या सकाळीसुद्धा ती 'उठत न्हाईत' म्हणत बाहेर आली होती. ती बाई सहा महिने 'उठला न्हाई' म्हणत होती आणि घरात एकालाही ते खटकलं नाही. जगाच्या गाड्या तपासणाऱ्यालासुद्धा नाही.

व्हरांड्यात जाऊन त्यानं मंगलला फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हंजी आत्याबाई सहा म्हयनं लायनीत हुब्या हुत्या," मंगल म्हणाली. "आन वाढनारी म्या." मग म्हणाली, "आना घरी. म्या बी म्हनीन उठला."

मानसिंगच्या डोळ्यांपुढं हायवेचा दुभाजक आला. म्हणाला, आधी तूच हितं ये. चार दिवस तुझ्या हातानं जेवू दे, मग बघू. जीपवाल्याला त्यानं रिकामंच परत जायला सांगितलं. तो जाण्यायेण्याचं पुरतं भाडं मागत होता, त्यावरून थोडी वादावादी झालीच.

मग टेबलाशी बसून, खिशातलं पेन काढून, त्यानं वहीच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून 'जेवण' असं लिहायला घेतलं. खाचरं अजून आईच्या नावावर होती आणि इंद्रजित तो इंद्रजितच होता.

"अजून इस्वास न्हाई व्हय, मामा?" गुलफशानं विचारलं.

"तुज्यावर हाय. कोऱ्या जागंवर न्हाई."

तेवढ्यात रतनबाईंचा भात संपला. त्यांनी परत अंगठा पुढं केला. गुलफशाचे हात भाताचे होते, म्हणून पॅड मानसिंगनं धरलं. झिजलेला, ऊन अंगठा त्यानं शाईत टेकवला, पानावर दाबला.

"उठला, आय."

रतनबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गुलफशाकडं वळून हळूच विचारलं, "ह्यो कोन गं? खरं सांगतोय न्हवं?"

"खरं सांगत्यात, आजी."

म्हातारीनं आणखी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि मगच ताट पुढं केलं.