शिंगाड्याला पीक म्हणा

आमच्या तलावाच्या खाली लोकांचा धान आणि तलावाच्या पाण्यात आमचा शिंगाडा. पवनी तालुक्यात आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. मीही तिसरीतून शाळा सोडली आणि डोंगा वल्हवायला लागलो. गेल्या वर्षी पाऊस असा लागून बसला की तलाव सांडव्यावरून वाहिला आणि भरात आलेल्या वेली पाण्याबरोबर निघून गेल्या.

तलाठी आला, त्यानं धानाचा पंचनामा केला. मी त्याला हात धरून तलावाच्या पाळीवर, बांधावर नेलं. त्यालाही वाईट वाटलं.

"बाबाजी, भरपाई पिकाले मिळते," तो म्हणाला. "शिंगाडा त्या यादीत नाही. मी का करू? नियम मुंबईले बदलते."

मला पैशापेक्षा ते बोलणं लागलं. जन्मभर छातीभर पाण्यात उभं राहून जे काढलं, ते पीकच नाही म्हणे!

मग आम्ही दहा-बारा जण शाल-नारळ घेऊन भंडाऱ्याला आमदाराच्या बंगल्यावर गेलो. सत्कार झाला, फोटो झाला. "बोला, काय पाहिजे?" त्यानं विचारलं. एकानं रस्ता सांगितला, दुसऱ्यानं स्मशानातलं शेड. मी तर आजोबापासून तलावाचा इतिहास सुरू केला. तेवढ्यात मागून कोणी बोललं, "साहेब, समाजाले सभामंडप नाही जी." आमदार म्हणाला, "दिला!" टाळ्या पडल्या. एसटीत हसत-खिदळत आम्ही घरी आलो.

सून बचत गटाची अध्यक्ष. पाण्याचा गडवा देत तिनं विचारलं, "मामाजी, शिंगाड्याचं का झालं?"

मी गडवा तसाच खाली ठेवला आणि झालेलं सांगितलं.

"तुम्ही चार गोष्टी मांगल्या, त्यायनं सोपी होती ते देल्ली," ती म्हणाली. "एकच मांगा लागते."

सुनेकडून बोलणं शिकायचं? मी तिच्याशी अबोला धरला. पण रात्री पडल्या पडल्या तिचंच म्हणणं खरं वाटायचं. शेवटी मीच म्हटलं, "शिकव, पाहू." ओसरीवर ती आमदार होऊन खुर्चीत बसायची. मी "माझा आजा..." म्हणालो की उठायची. "आमदार गेला, मामाजी. त्याले दुसऱ्या गावी लग्न हाय!" गटाच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी तिला पुन्हा खुर्चीत बसवायचो.

दुसऱ्यांदा आम्ही तिघंच गेलो: सून, मी आणि माझा चुलतभाऊ. मी उभ्यानंच बोललो. "साहेब, शिंगाड्याले पीक म्हणा, असं सभागृहात मांगा. दुसरं काही नको."

"मंडप तर देऊनच राहिलो ना, बाबाजी."

"मंडप नको."

चुलतभावानं मागून सदरा ओढला. "पागल झाला का, बुढ्या?"

"मंडप घेतला की साहेब मोकळे झाले," मी त्याला मोठ्यानंच सांगितलं.

आमदार हसायचा थांबला. नियम आपल्या हातात नाही, म्हणाला. "बोलणं तर हाय, साहेब," सून हळूच म्हणाली. तेव्हा त्यानं तिला बसायला सांगितलं. शिंगाडा कोणकोणत्या गावांत होतो, लागवड कधी होते, सगळं विचारून घेतलं. आधीच्या खेपेला आम्हीच त्याला ऐकू दिलं नव्हतं.

सभागृहात तो बोलला. सुनेनं मोबाइलवर दाखवलं. मंत्री म्हणाले, तपासून पाहू. एवढंच. नियम आहे तसाच आहे, आणि मंडप बाजूच्या गावाला गेला.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या नातीच्या लग्नात ऐन पंगतीला पाऊस कोसळला. "घ्या, आता शिंगाडा पांघरा!" लोक मला म्हणाले. मी ताडपत्रीचं एक टोक धरून जेवणं होईपर्यंत उभा राहिलो.

सून म्हणते, एका आमदारानं भागत नाही. तुमसरकडचा पाहिजे, दुसऱ्या पक्षाचाही पाहिजे. हिवाळ्यात सगळे नागपूरला अधिवेशनात सापडतात. पण आमची तोडणीही तेव्हाच असते, आणि पिकला शिंगाडा थांबत नाही, गळून तळाला जातो.

परवा चुलतभाऊ आपणहून आला. तंबाखू मळत बसला.

"तू जाय नागपूरले," तो म्हणाला. "तुझ्या वाट्याचं मी तोडतो. पण जाऊनच राहिला, तर मंडपाचाही एक शब्द टाकजो."

"नाही टाकत," मी म्हणालो.

तो शिव्या देत उठला. जाता जाता विचारून गेला, डोंगा कुठं बांधला आहे ते.