कॉलरच्या एक इंच वर

आमचे काका माणसं ओळखत नाहीत, कपडे ओळखतात. रस्त्यात कुणी हात केला तर ते आधी त्याच्या कॉलरकडे बघतात आणि मग म्हणतात, "अरे, निळा चौकटीचा! कसं काय?" एकदा सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी "कफवर चहा" अशी हाक मारली होती. तो बिचारा अजून रुसलेला आहे. सत्तावीस वर्षं लॉन्ड्री चालवल्यावर दुसरं काय होणार? तीही आठवड्याचे सातही दिवस उघडी. हे सात दिवस लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

काकूला रविवार हवा होता. नवऱ्याबरोबर नदीकाठी फिरावं, बाकावर बसून दोन शब्द बोलावेत आणि त्याने निदान एकदा आपल्या तोंडाकडे बघावं, एवढंच तिचं मागणं. काकांचं उत्तरही ठरलेलं. "पुढच्या महिन्यापासून नक्की," असं ते दर महिन्याला म्हणत.

मग एका महागड्या इटालियन हॉटेलातून बोलावणं आलं. तिथे फक्त मासे, शिंपले, कोळंबी असं समुद्रातलंच मिळतं, आणि तिथले टेबलक्लॉथ नि नॅपकिन आमच्याच लॉन्ड्रीत येतात. कामावर खूश होऊन मालकीणबाईंनी तिघांना दुपारचं जेवण देऊ केलं. तिसरी मी, पुतणी. फुकटच्या जेवणाला नाही म्हणू नये, अशी आमच्या घराण्याची शिकवण आहे.

निघताना काकूने पैज लावली. "अहो, ऐका. कॉफी टेबलावर येईपर्यंत 'डाग' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढलात, तर लॉन्ड्री दर रविवारी बंद. जन्मभर."

"आणि नाही काढला तर?"

"तर मी पुन्हा रविवारचं नाव काढणार नाही."

हा तर हातचा मळ, अशा थाटात काका हसले. पंच म्हणून मला नेमलं. पंचाने निःपक्षपाती असावं म्हणतात, पण मी काकूच्या हातचं खाऊन वाढले आहे, तेव्हा माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

बसल्या बसल्या काकांनी टेबलक्लॉथवरून हात फिरवला आणि कोपऱ्यातल्या एका रफूपाशी थांबले. रफू त्यांनीच केलेलं. चेहरा उजळला, तोंड उघडलं. काकूने नुसती भुवई वर केली आणि काकांचं तोंड मिटलं.

मेन्यू काकूने परीक्षेला बसल्यागत वाचून काढला. मग वेटरला विचारलं, "इथे सगळ्यात जास्त सांडणारं काय आहे?"

"सांडणारं?"

"म्हणजे रसाळ हो."

आधी लाल टोमॅटोच्या रश्शातले शिंपले आले. मागोमाग माकुळ नावाच्या माशाच्या शाईत शिजवलेला काळाकुट्ट पास्ता. काकूने तो सुर्रकन ओढला आणि शुभ्र टेबलक्लॉथवर आठ थेंब उडाले. मी मोजले, पंचाचं कामच ते. काकांनी पेलाभर पाणी संपवलं. मग काकूने कोळंबी सोलली आणि एकेक बोट सावकाश नॅपकिनला पुसलं. हे सगळं उद्या आपल्याच हौदात येणार, हे काकांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एका गृहस्थाने लाल वाइन स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर ओतून घेतली. वेटर धावला आणि चक्क गरम पाण्याने घासू लागला. गरम पाण्याने, ज्याने वाइन कापडात कायमची बसते! काका खुर्चीतून अर्धे उठले. पण ते परत बसले, टेबलाची कड घट्ट धरली आणि म्हणाले, "आज हवा बरी आहे, नाही?" खिडक्या सगळ्या बंद होत्या.

मला काकांचं कौतुक वाटलं, पण मग माझं लक्ष काकूकडे गेलं. ती आता सांडत नव्हती. ताटातला मासा तिने काट्याने नुसता इकडून तिकडे सारला. "जिंकताय हो तुम्ही," ती हळूच म्हणाली. तिला खरंच रडू येत होतं.

काकांनी मात्र शेवटचा टप्पा पार करायला युक्ती काढली होती. कापडाकडे बघायचंच नाही. आता टेबलावर कापड, मांडीवर कापड, खिडकीला कापड. बघायला उरलं काय? काकूचं तोंड. तर ते तिथेच टक लावून बसले. दोन मिनिटं झाली, पाच झाली. काकू चक्क लाजली. तिने केस कानामागे सारले आणि भलतीकडेच बघू लागली.

आतल्या दारातून कॉफीचा ट्रे निघाला. मी पावलं मोजत होते.

"अगं, हलू नकोस," काका एकदम पुढे झुकले. नॅपकिनचं टोक पेल्यातल्या सोडावॉटरमध्ये बुडवून ते तिच्या कानाखाली, मानेवर अलगद टिपू लागले. "शाई उडाली वाटतं. ताजा डाग आहे, लगेच निघेल."

कॉफी अजून चार पावलांवर होती.

काकू हलली नाही. "नाही निघायचा," ती म्हणाली. "तीळ आहे तो. लग्नाच्या आधीपासूनचा."

काकांचा हात तिथेच राहिला. तिची कुठली कॉलर कुठे विरली आहे, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. तीळ कॉलरच्या फक्त एक इंच वर होता.

"तेव्हाही होता?"

"होता."

वेटरने कॉफी ठेवली. निकाल द्यायचं सोडून पंचाने आपली कॉफी पुढे ओढली. काकांनी नॅपकिनची नीट घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "आणखी काय काय आहे गं, जे मी पाहिलंच नाही?"

"रविवारी सांगते," काकू म्हणाली आणि कॉफीत तीन चमचे साखर घातली.